आईला बाहेर काढण्याच्या सात पायऱ्या

"जगात एकही प्रॉब्लेम मोठा नसतो, देवयानी! तो फक्त अजून कोणी नीट फोडलेला नसतो!"

शनिवारी संध्याकाळी सलिल दातारने हे वाक्य दारातच टाकलं, तेव्हा त्याच्या एका पायात बूट होता आणि दुसरा हातात. वागळे इस्टेटमधल्या त्याच्या कंपनीने त्याला दोन दिवस ट्रेनिंगला बसवलेलं. विषय होता, कॉम्प्युटरसारखा विचार कसा करावा. एक्केचाळीस वर्षं माणसासारखा विचार करून सलिल तसा कंटाळलेलाच होता. त्यामुळे हे ट्रेनिंग त्याला असं चढलं, जसा वरातीत फेटा चढतो. मान काही केल्या खाली येईना!

"म्हणजे नक्की करायचं काय?" देवयानीने भेंडी चिरता चिरता विचारलं.

"मोठ्या प्रॉब्लेमचे छोटे छोटे तुकडे पाडायचे. असं आधी कुठे झालेलं का, ते साम्य शोधायचं. फालतू तपशील गाळून टाकायचा. आणि शेवटी पायरी पायरीने कृती लिहून काढायची. अशी, की वाचणाऱ्याने डोळे मिटून ती करावी!"

"डोळे मिटल्यावर वाचणार कसं?"

"हाच तो फालतू तपशील!" सलिल म्हणाला, आणि दुसरा बूट शोधायला लागला. तो हातातच होता.

आतल्या खोलीतून सुमतीबाई, म्हणजे सलिलच्या आई, एवढंच म्हणाल्या, "बरं झालं हो शिकून आलास. हात धुऊन जेवायला बस." बाई ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेल्या. आयुष्यभर लोकांना हळू बोलायला सांगितल्यामुळे त्यांचा स्वतःचा आवाजही हळूच राहिलेला. वय चौऱ्याहत्तर, शुगर वीस वर्षांची, आणि शिस्त तिच्याहूनही जुनी.

रविवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी त्यांनी रोजच्यासारखं इन्शुलिन टोचून घेतलं. त्यानंतर अर्ध्या तासात पोटात काहीतरी गेलंच पाहिजे, हा घरातला नियम. देवयानीचे पोहे व्हायला दहा मिनिटं होती आणि गीझरचं पाणी तापून तयार होतं. "तेवढ्यात दोन तांबे अंगावर घेऊन येते," म्हणून बाई बाथरूममध्ये गेल्या.

दहा चौतीसला आतून हाक आली. "अगं देवयानी, ही कडी जरा घट्ट झालीये गं. सरकत नाहीये."

जरा घट्ट! सलिल सोफ्यावरून असा उठला, जसं त्याचंच नाव पुकारलंय. बाथरूमचं दार नवं होतं, आत उघडणारं. झुरळं येतात म्हणून खालच्या फटीलाही रबराची पट्टी मारून घेतलेली. सलिलने दाराला खांदा लावला आणि जोर केला.

"आई, मी आत ढकलतो, तू कडी ओढ!"

"अरे, आता तर मुळीच हलत नाहीये!"

"ओढ, ओढ! मी आणखी जोर लावतो!"

आतून दोनदा खडखड झाली आणि थांबली. "दमले रे," सुमतीबाई म्हणाल्या.

सलिलने हा शब्द आधीही एकदा ऐकलेला. दोन वर्षांपूर्वी बाईंची शुगर अशीच एकदा उतरलेली. दरदरून घाम, थरथरणारे हात, आणि समोर उभ्या असलेल्या सलिलला त्यांनी आपल्या वारलेल्या भावाच्या नावाने हाक मारलेली. डॉक्टर म्हणालेले, आणखी दहा मिनिटं गेली असती तर अवघड होतं. ती दहा मिनिटं सलिल अजून विसरला नव्हता. त्याने घड्याळ पाहिलं. दहा छत्तीस. म्हणजे उरली चौदा मिनिटं.

"देवयानी, घाबरू नकोस!" असं तो ओरडला, तेव्हा देवयानी शांतपणे पोह्यांवर झाकण ठेवत होती.

आरडाओरडा ऐकून पहिल्या मजल्यावरचे परशुराम पाटील जिना चढून आले. सध्या ही बिल्डिंग जिथे उभी आहे, तिथे एके काळी परशुरामांच्या वडिलांची भातशेती होती. त्यामुळे बिल्डिंगमधलं कुठलंही संकट त्यांना आपल्याच बांधावर आल्यासारखं वाटायचं. माणूस दाराच्या मापाचाच. दारात उभे राहिले की मागचा जिना दिसत नसे.

"काय झाला रं?"

"काका, आई आत अडकलीय. कडी जाम झालीय आणि इन्शुलिन घेतलंय तिने!"

"हात्तिच्या! सर बाजूला. एक खांदा मारतो, दार आडवा!"

"नाही, नाही, नाही!" सलिल दाराला पाठ लावून उभा राहिला. "दार आत उघडतं. आत आई आहे. एवढीशी बाथरूम! दार पडलं तर तिच्याच अंगावर पडेल!"

परशुराम थबकले. हे खरं होतं. "मंग आता?"

आणि इथे सलिलच्या डोक्यात ट्रेनिंगचा दिवा लागला. भीतीने गारठलेल्या माणसाला काहीतरी धरायला लागतं. सलिलने ट्रेनिंग धरलं!

"काका, दार फोडायचं नाही. प्रॉब्लेम फोडायचा!"

परशुरामांनी देवयानीकडे पाहिलं. देवयानीने छताकडे.

सलिलने फ्रिजवरचं लाँड्रीचं पॅड ओढलं आणि त्यावर भराभर तुकडे पाडायला सुरुवात केली. आई आत आहे, हा झाला मोठा प्रॉब्लेम. त्यात काय काय दडलंय? ओल्या फरशीवर उभी आहे आणि डोक्यावर गीझर, म्हणजे वीज. पोट रिकामं आहे, म्हणजे खाणं. दार डळमळलं तर अंगावर येईल, म्हणजे दाराला आधार. कडी कापायला सुतार. फोनवर डॉक्टर. खाली गेटवर रिक्षा उभी. सातवा तुकडा त्याने लिहिला, 'आईशी बोलत राहणे', आणि तोपर्यंत नावं संपली म्हणून त्याच्यापुढे स्वतःचं नाव टाकलं. वेळ मिळेल तसं.

मग त्याने फोनवर एक ग्रुप उघडला. नाव दिलं, 'आई बाहेर'.

"आय तं आत हाय," परशुराम म्हणाले.

"ते ध्येय आहे, काका!"

आतून सुमतीबाईंचा आवाज आला. "सलिल, अरे ऐक ना जरा..."

"आई, बोलून दमू नकोस! शक्ती वाचव! पद्धतशीर चाललंय सगळं!"

परशुरामांना त्याने दाराचा तुकडा दिला. "फोडायचं नाही, काका. फक्त आधार द्यायचा. खांदा लावून उभे राहा. मी सांगेपर्यंत हलायचं नाही!" फोडायला न मिळाल्याचं दुःख परशुरामांनी त्या दाराला टेकवलं. सगळं, म्हणजे जवळपास एकशे दहा किलो.

विजेचा तुकडा गेला दुसऱ्या मजल्यावरच्या मधुकाकांकडे. मधुकाका आयुष्यभर वीजखात्यात काढून निवृत्त झालेले. त्यांच्या हाती घरातला दिवा लावायला दिला तरी ते आधी दोन पावलं मागे सरकत. ते टेस्टर खिशात घालूनच वर आले.

"गीझरचा स्विच मी बंद केलाय, काका," देवयानी म्हणाली.

"स्विच बंद म्हणजे वीज बंद, हा सामान्य माणसाचा भ्रम आहे, देवयानी," मधुकाका म्हणाले. "फेज आणि न्यूट्रल उलटे जोडले असतील तर? मी खाली मीटर रूममध्ये जाऊन तुमच्या घराची वीजच बंद करतो."

"उत्तम!" सलिल म्हणाला. "आणि काका, सूचना लिहून देतोय. पुन्हा चालू करायची ती फक्त ग्रुपवर माझा मेसेज आल्यावरच. तोंडी कोणी सांगितलं तर ऐकायचं नाही. कोणीही! अगदी मीसुद्धा! गोंधळात माणूस काहीही बोलतो."

मधुकाकांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. निवृत्तीनंतर पंधरा वर्षांत इतकी स्पष्ट सूचना त्यांना कोणी दिली नव्हती. कागद घडी घालून त्यांनी खिशात ठेवला आणि ते खाली गेले.

वॉचमन धोंडिबाला फोन गेला. समोरच्या बिल्डिंगमध्ये ठाकुर्लीचा आनंदा सुतार काम करत होता, त्याला घेऊन यायचं. "त्याला एकटं पाठवू नकोस, धोंडिबा! तो मध्येच चहाला थांबतो. हाताला धरून वर आण. दारापर्यंत हात सोडायचा नाही!"

डॉक्टरांचा फोन लागत नव्हता आणि रिक्षाही धोंडिबाच आणणार होता. राहिलं खाणं. बाथरूमची खिडकी डक्टमध्ये, म्हणजे बिल्डिंगच्या मधल्या उभ्या पोकळीत उघडत होती आणि तिला काचेच्या पट्ट्या होत्या. वरच्या, म्हणजे पाचव्या मजल्यावरच्या उत्तराताईंनी आपल्या खिडकीतून दोरीला पिशवी बांधून खाली सोडली, तर सुमतीबाई एक पट्टी काढून ती आत घेऊ शकत होत्या. सुंदर! सलिलने मेसेज लिहायला घेतला. आधी लांबलचक झाला. मग त्याला आठवलं, फालतू तपशील गाळायचा. त्याने गाळला. उरलं ते असं: 'ताई, अर्जंट. बाथरूमच्या खिडकीतून दोरीने पिशवीत केळी खाली सोडा. प्रश्न विचारू नका.'

उत्तराताईंनी प्रश्न विचारले नाहीत.

दहा त्रेचाळीस. सलिल पॅडवर खुणा करत उभा होता. तुकडे आपापल्या वाटेने निघालेले. एखाद्या सेनापतीने टेकडीवरून पाहावं तसा तो हॉलच्या मधोमध उभा राहिला. छातीत धडधडत होतं, पण त्या धडधडीलाही आता शिस्त आल्यासारखी वाटत होती.

"आई, केळी मिळाली का?" देवयानीने दाराला तोंड लावून विचारलं.

"कसली केळी गं?" आतला आवाज आणखी बारीक झालेला.

त्याच वेळी सोसायटीच्या मोठ्या ग्रुपवर तिसऱ्या मजल्यावरच्या ऋजुताचा मेसेज आला. सोबत हात जोडलेल्या खुणा. 'डक्टमधून केळी मिळाली! चार होती. खूप गोड. कोणाकडे पूजा आहे का?'

देवयानीने मेसेज वाचला. मग सलिलकडे पाहिलं. "तू उत्तराताईंना मजला सांगितलेलास?"

"मजला... तो तपशील..." सलिलने स्वतःचा मेसेज पुन्हा उघडला.

"आणि कोणासाठी, ते?"

सलिलने फोन हळूच पालथा केला.

"आईंनी चार तास काही खाल्लेलं नाही, सलिल! त्यांच्या वाटणीची केळी ऋजुता खाऊन बसली!" देवयानीने फ्रिजमधून लाडूंचा डबा काढला, एका बाटलीत साखरेचं पाणी केलं आणि अनवाणी पायांनी ती पाचव्या मजल्याकडे धावली. "मी स्वतः सोडते वरून!" जिन्यातून तिचा आवाज आला.

दहा सत्तेचाळीसला घरातले पंखे थांबले. फ्रिज गप्प झाला. बाथरूममध्ये अंधार झाला.

"अरे, दिवा गेला का रे?" आतून सुमतीबाई.

"आपणच घालवलाय, आई! तुझ्या सुरक्षिततेसाठी!"

आणि तेवढ्यात जिन्याच्या बाजूने असा आवाज आला, जसं कोणी पत्र्याच्या पिंपातून ओरडतंय. "सायेब! ओ सायेब! लिफ्ट बंद पडली!"

सलिल बाहेर धावला. "कोण आहे आत?"

"मी धोंडिबा! आन आनंदा!"

"आनंदा? सुतार? लिफ्टमध्ये?"

"हात सोडला न्हाई, सायेब! तुम्ही बोल्लेले!"

सलिलने कपाळ भिंतीला टेकवलं. मीटर रूममधल्या पाट्या वीस वर्षं जुन्या. कुठला मीटर कोणाचा हे पुसून गेलेलं, आणि खात्री नसताना एखादाच स्विच पाडणं मधुकाकांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यामुळे पूर्ण खात्रीसाठी त्यांनी अख्ख्या बिल्डिंगची वीज घालवलेली! सुतार दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मधोमध लटकत होता. हातात हत्यारांची पिशवी. मनगटाला धोंडिबा.

आईला सोडवायला सुतार हवा. सुताराला सोडवायला वीज हवी. आणि आईला वाचवायचं म्हणून वीज बंद! तुकडे वेगळे पाडताना सलिलला ते वेगळे दिसलेले. आता ते एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते.

"काका, दार सोडू नका!" परशुरामांना ओरडून सांगत तो चार मजले उतरला. दोन-दोन पायऱ्या एकदम. शेवटच्या वळणावर चप्पल सुटली, ती तशीच सोडली.

मीटर रूम जिन्याखाली होती. मधुकाका मेन स्विचसमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात फोन.

"काका, लाइट चालू करा! लिफ्टमध्ये माणसं अडकलीयेत!"

"मेसेज?"

"मी स्वतः आलोय ना!"

मधुकाकांनी खिशातला कागद काढला, टॉर्चच्या उजेडात धरला आणि वाचून दाखवला. "'तोंडी ऐकू नये. अगदी मी सांगितलं तरीही.' खाली तुझी सही आहे."

"ती मीच केलीय! मीच रद्द करतोय!"

"सलिल, शांत हो. सुमती ओल्या फरशीवर उभी आहे. अंधारात तिचा हात कुठे लागेल, सांगता येत नाही. तुझ्या घाईपायी मी वीज सोडली आणि तिला काही झालं, तर मी कोणाला तोंड दाखवू? तूच लिहिलंयस, गोंधळात माणूस काहीही बोलतो. फार चांगलं लिहिलंयस."

सलिलने ग्रुपवर टाइप केलं, 'चालू करा'. फोनवरचं चाक गोल गोल फिरायला लागलं. वीज गेल्यामुळे वाय-फाय गेलेला आणि जिन्याखाली रेंज कधीच नसायची. तो गेटपर्यंत धावला. तिथे मेसेज गेला. तो परत धावत आला.

"आला?"

मधुकाकांनी फोन टॉर्चसमोर धरला. "नाही बुवा."

"तुम्ही गेटपाशी या, तिथे येईल!"

"जागा सोडू नये, असंही लिहिलं आहेस. कलम तीन."

दहा चोपन्न! अर्धा तास उलटून गेलेला. सलिलचं बनियन पाठीला अगदी कातडीसारखं चिकटलेलं. दोन वर्षांपूर्वी आईला सुटलेला तसा दरदरून घाम आता त्यालाच सुटला होता. मधुकाकांशी वाद घालण्यात जाणारा प्रत्येक क्षण आईच्या रक्तातून वजा होतोय, असं त्याला दिसायला लागलं. तो वळला आणि वर पळाला.

धावता धावताही त्याचं डोकं ट्रेनिंग सोडेना. साम्य शोध, साम्य शोध! आई आत, दार बंद. सुतार आत, दार बंद. म्हणजे प्रॉब्लेम एकच! एक दार उघडलं की दुसरं उघडलं! आणि बंद दार उघडणारा या बिल्डिंगमध्ये एकच माणूस होता.

"परशुरामकाका!" तिसऱ्या मजल्यावरून तो ओरडला. "इकडे या! लवकर! लिफ्टचं दार उघडायचंय!"

"यो दार सोडू?" वरून आवाज आला.

"सोडा!"

इतका वेळ एका जागी उभे राहून परशुरामांच्या खांद्याला मुंग्या आलेल्या. काहीतरी उघडायला मिळणार म्हटल्यावर ते जिन्यावरून असे उतरले, की कठडा हलला. त्यांनी लिफ्टच्या बाहेरच्या दाराच्या फटीत बोटं घातली, पाय भिंतीला लावला आणि "जय मल्हार" म्हणून ओढलं. दार किंचाळत वीतभर सरकलं आणि अडलं. लिफ्टचं छत जमिनीच्या थोडंच वर दिसत होतं. खाली जेमतेम हात जाईल एवढी फट.

सलिल पालथा झोपला. गाल फरशीला, डोळा फटीला. अंधारात त्याला धोंडिबाची टोपी दिसली.

"आनंदा! पटाशी दे! पटाशी आणि हातोडी! मी वर जाऊन कडी कापतो!"

"साहेब, तुम्हाला जमणार नाही. मला बाहेर काढा."

"तुला काढायला वेळ नाही रे! आधी पटाशी!"

तेवढ्यात पाचव्या मजल्यावरून देवयानीचा आवाज डक्टमधून, जिन्यातून, सगळीकडून एकदम आला. या घरात बारा वर्षांत तिचा असा आवाज कोणी ऐकला नव्हता.

"सलिल! आई उत्तर देत नाहीयेत! दोरीचा गुंता सोडवून पिशवी आता कुठे खिडकीशी पोचवलीय! मी हाका मारतेय! आई घेत नाहीयेत, सलिल!"

लिफ्टमध्ये धोंडिबाने मोकळ्या हाताने टोपी काढली. 

सलिलच्या डोळ्यांसमोर ती बाथरूम आली. अंधारी. ओली फरशी. कोपऱ्यातलं प्लास्टिकचं स्टूल, आणि त्याच्या शेजारी आडवी पडलेली आई. शेवटचं ती काय म्हणालेली? ऐक ना जरा, म्हणालेली. आणि आपण म्हणालो, शक्ती वाचव. त्याच्या नाकातून, डोळ्यांतून एकदम पाणी आलं. त्याने खांद्यापर्यंतचा हात फटीत कोंबला. पत्र्याची कड दंडाला कापत होती, तिकडे त्याचं लक्षच नव्हतं.

"पटाशी! पटाशी दे आनंदा! आणि काका, आता दार फोडायचंच! वर चला! मी चुकलो, काका, पहिल्यांदाच फोडायला हवं होतं!"

"देतो साहेब, देतो, बोट नका हलवू..."

मागे कोणीतरी जिन्यावर येऊन उभं राहिलं. पायरीवरचा उजेड अडला.

"काय झालं रे?" मागचा आवाज म्हणाला. "कोण अडकलंय?"

"उजेड सोडा हो!" सलिल न वळता ओरडला. "दिसत नाहीये मला!"

"अरे पण हात कापलाय तुझा. रक्त येतंय बघ, सलिल."

"आई, प्लीज, तू मध्ये नको येऊस! तुलाच बाहेर काढतोय ना!"

"बरं," सुमतीबाई म्हणाल्या, आणि निमूट एक पायरी वर सरकल्या.

 मग परशुराम हळूहळू जिन्यावर खाली बसले, तोंडावर हात दाबून. त्यांचे खांदे गदागदा हलायला लागले. सलिलचा हात फटीत तसाच राहिला. त्याने मान वळवली. तेवढीच वळली, जेवढी पालथ्या माणसाची वळते.

पायरीवर त्याची आई उभी होती. केसांना टॉवेल गुंडाळलेला, अंगावर नीट नेसलेली वायलची साडी. हातात पोह्यांची बशी, अर्धी संपलेली. त्या चमच्याने शेंगदाणा शोधत होत्या.

"तू..." सलिल म्हणाला. "तू कशी..."

"दार उघडून."

"पण कडी!"

"सरकली." सुमतीबाईंनी एक घास घेतला आणि सावकाश चावून गिळला. "मी मघापासून तेच सांगायला बघत होते. तुम्ही दार बाहेरून दाबत होतात. जेवढं दाबाल तेवढी कडी खाचेत रुतणार की नाही? आधी तू दाबलंस, मग या परशुरामांनी. ते खाली आले आणि दार सैल पडलं. मी कडीला जरा खोबरेल लावलं. एका बोटाने सरकली."

परशुरामांचं हसू थांबलं. त्यांनी आपल्या खांद्याकडे पाहिलं, जसं एखाद्याने आपल्याच बैलाकडे पाहावं.

"आणि देवयानीला उत्तर का नाही दिलंस?" सलिलचा आवाज फाटला. "ती वरून केवढ्याने ओरडतेय!"

"मी स्वयंपाकघरात होते. अर्धा तास होऊन गेलेला ना, म्हणून आधी पोहे घेतले. बाहेर पाहते तर घरात चिटपाखरू नाही. म्हटलं, रविवारचे सगळे गेले कुठे?"

देवयानी पाचव्या मजल्यावरून धापा टाकत उतरली. मागोमाग हातात दोरी घेऊन उत्तराताई. देवयानीने सासूबाईंना पाहिलं, त्यांच्या हातातली बशी पाहिली, कपाळाला हात लावून घाम नाही ना ते पाहिलं, आणि मग तिथेच पायरीवर बसून रडायला लागली. सुमतीबाईंनी बशी कठड्यावर ठेवली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. "झालं गं, झालं. मीठ जरा कमी आहे, पण छान झालेत पोहे."

सलिल उठायला गेला. उठता येईना. हात फटीत अडकलेला, आणि मुठीत आता पटाशी आलेली, त्यामुळे मूठ काही बाहेर निघेना. आई सुखरूप आहे, या आनंदात त्याला तेही कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर तो तसाच पडून राहिला. डोळे मिटून, गाल गार फरशीला लावून. गेल्या पंचवीस मिनिटांत पहिल्यांदाच त्याला बरं वाटत होतं.

"सलिल," देवयानीने डोळे पुसत विचारलं, "आता काय करायचं?"

सलिलने तोंड उघडलं. तुकडे, असा शब्द जिभेवर आला. त्याने तो गिळला.

"आई," तो म्हणाला, "तूच सांग."

सुमतीबाई काही सांगणार, एवढ्यात फटीतून आनंदाचा आवाज आला. अगदी अदबीचा.

"साहेब, तुमचं माणूस सुटलं असेल, तर आता आमचं बघता का जरा? हा धोंडिबा अजून हात सोडत नाहीये."